ऑईल फिल्टर : काढताना आणि बसवताना



मागल्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. पहाटे तीनच्या सुमारास आमचा फोन वाजला. आपल्या गटातल्या एका सभासदाचा ट्रॅक्टर वडसा–ब्रह्मपुरी रस्त्यावर, वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे, दोन भरल्या ट्रॉल्यांसह उभा पडला होता. आम्ही जाऊन पाहिले तर इंजिन जाम. सेल्फ मारला तर नुसता 'टक्' आवाज. खाली वाकून बॅटरी मारली, तर इंजिनची डावी बाजू, पुढचा अ‍ॅक्सल, सगळे तेलाने न्हालेले. मागे रस्त्यावर लांबवर काळी रेघ गेलेली. पट्टी काढून पाहिली, ती कोरडी.

ट्रॅक्टर चालवणारा सभासदाचा मुलगा. पोरगा समजूतदार, नाद कसला नाही. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, फिल्टर तर कालच नवा लावला ना जी! तुम्हीच सांगितलं होतं. मंग तेल गेलं कसं?"

त्याच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होते, पण ते द्यायची आम्हाला लाज वाटली. हंगामापूर्वीच्या मेळाव्यात आम्ही वाहतूकदार सभासदांना बजावून सांगितले होते की, तेल बदलाल तेव्हा फिल्टरही बदला. कसा बदलायचा, हे सांगितले नव्हते. त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे आम्हालाही वाटले होते. डबा फिरवून काढायचा, नवा फिरवून लावायचा. सबब आज हा लेख.

झाले होते ते असे. फिल्टरच्या तोंडाला रबराची एक गोल रिंग असते. जुना फिल्टर काढला तेव्हा ती रिंग उष्णतेने इंजिनच्या बैठकीला चिकटून राहिली आणि डबा तेवढा हातात आला. संध्याकाळची वेळ, उजेड कमी. पोराने नवा फिल्टर त्याच्या नव्या रिंगेसकट वर चढवला. म्हणजे एकावर एक दोन रिंगा. पाण्याने भिजलेल्या दोन पाट्या एकमेकींवर ठेवून वर भार दिला तर वरची जशी सटकते, तशीच ही जोडी सटकते. घरी एक मिनिट संथ चालवून पाहिले तेव्हा काही गळले नाही. भरला माल ओढताना इंजिनने जोर धरला, तेलाचा दाब वाढला आणि रिंग बाहेर फेकली गेली. मग चेंबरमधले सगळे तेल रस्त्यावर यायला किती वेळ लागतो? मिनिटे, तास नव्हे.

तेलाचा लाल दिवा लागला होता का, असे आम्ही विचारले. लागला होता. पण तो दिवा वर्षभरापासून मधूनमधून उगाच लागायचा, वायर खराब म्हणून त्याकडे बघायची सवयच सुटली होती. हे ऐकून आम्हाला जास्त वाईट वाटले. फिल्टरची चूक झालीच होती, पण दिवा लागताक्षणी इंजिन बंद केले असते तर नुकसान रिंग आणि तेलावर भागले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा ट्रॅक्टर मिळाला. तोवर तोडलेला ऊस ट्रॉल्यांत वाळत होता आणि तोडणीची टोळी शेतावर बसून होती. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आपण दर हंगामात सांगतो. उशीर झाला की वजन घटते आणि उसातली साखरही मोडू लागते. इंजिन खोलले तेव्हा बेरिंगच्या वाट्या वितळून क्रँकला चिकटलेल्या होत्या. खर्चाचा आकडा इथे देत नाही, त्या घरच्यांना तो वाचवणार नाही. एवढेच सांगतो की उरलेल्या हंगामाची वाहतूक गेली आणि बँकेचा हप्ता मात्र गेला नाही.

आता थोडे फिल्टरविषयी. इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये तेल असते. पंप ते जाळीतून ओढतो, दाबाने फिल्टरमध्ये ढकलतो आणि तिथून ते क्रँकच्या बेरिंगांना, वर व्हॉल्व्हपर्यंत जाते. फिल्टरच्या तोंडाशी कडेने बारीक छिद्रे आहेत, त्यांतून मळके तेल आत शिरते. घड्या घातलेल्या कागदातून गाळून मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर चांगला फिल्टर २०–३० मायक्रॉनचे कणदेखील बऱ्यापैकी अडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बेरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा पापुद्रा इतका पातळ असतो की असा कण तिथे खड्यासारखा घासतो.

मोटारी निघाल्या तेव्हा सुरुवातीला असला फिल्टर नव्हताच. अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्ग या दोघांनी १९२३ साली पेटंट घेतले आणि त्याला 'प्युरोलेटर' नाव दिले. आज आपण वापरतो तो फिरवून लावायचा डबा १९५० नंतरच्या दशकातला. आपल्याकडे नदीकाठी, नाल्याकाठी ज्यांनी जुनी डिझेल पंपाची इंजिने वापरली, त्यांतल्या कित्येक इंजिनांत कागदी फिल्टर नसून नुसती जाळी असे. तेल काळे झाले की बदलायचे, जाळी रॉकेलने धुवायची, झाले काम. आपल्या वाडवडिलांची हीच सवय ट्रॅक्टरला लागली आहे. म्हणून "तेल बदललं, फिल्टर पुढल्या खेपेला पाहू" असे म्हणणारे सभासद आम्हाला दर गावात भेटतात. कुरूडला भेटतात, विसोऱ्याला भेटतात. काही जण तर कागदी फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन उन्हात वाळवतात. कृपा करून असे करू नका. कागद धुतला की फुगतो, फाटतो, आणि फाटका फिल्टर नसल्यात जमा.

फिल्टर चोंदला तर इंजिन बंद पडेल, तेव्हा कळेलच, असा एक समज आहे. तो चुकीचा. फिल्टरमध्ये किंवा इंजिनमध्ये एक छोटा बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद चोंदला की तो उघडतो आणि तेल न गाळता थेट बेरिंगांकडे जाते. इंजिनला तेल मिळावे म्हणून ही सोय केलेली आहे, पण तिच्यामुळे चालवणाऱ्याला काहीच समजत नाही. दिवा लागत नाही, आवाज बदलत नाही. आतले घासणे चालू राहते.

किती दिवसांनी बदलायचा? तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा खरा. पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात, आणि नव्या ट्रॅक्टरला पहिला बदल ५० तासांच्या आसपास. आता हिशेब करा. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर दिवसाला १० तास चालला तर २५० तास २५ दिवसांत भरतात. शंभर दिवसांच्या हंगामात चार वेळा. आपल्याकडे वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास बदलायची रीत आहे! शिवाय आपला ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रातल्यासारखा नुसता उसाचा नाही. पावसाळ्यात बांधीत चिखलणी, दिवाळीनंतर धानाच्या मळणीची धूळ, आणि लगेच ऊस. आणखी एक. जुन्या यांत्रिक तासमीटरचा काटा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. यार्डात नंबरासाठी रात्रभर इंजिन संथ चालू ठेवले तर मीटर खऱ्या तासांपेक्षा कमी दाखवतो. म्हणून मीटरवर विसंबून अगदी शेवटच्या तासापर्यंत ताणू नये. (यार्डात इंजिन बंदच ठेवावे हे उत्तम, पण थंडीत सकाळी चालू होत नाही म्हणून कोणी ऐकत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे.)

आता प्रत्यक्ष काम. घाईत, अंधारात, भरल्या ट्रॉलीसह हे काम करू नका. सपाट जागा पाहा, इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करा म्हणजे तेल पातळ होऊन गाळ घेऊन उतरेल. नंतर बंद करा. फार तापले असेल तर थोडे थांबा, उकळते तेल हातावर आले तर चामडी सोलून निघते. खाली घमेले ठेवून चेंबरचा नट काढा. नटाचे वायसर पाहून ठेवा, दबलेले असेल तर नवे घाला.

तेल उतरले की फिल्टर. उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवायचा. हाताने सुटत नसेल तर पट्ट्याचा फिल्टर पाना वापरा. पाना नसेल तर डब्याला खरखरीत कापड गुंडाळून दोन्ही हातांनी जोर द्या. स्क्रू ड्रायव्हर डब्यातून आरपार ठोकून फिरवायची आपल्या मिस्तरींची युक्ती अगदी शेवटी, कारण पत्रा फाटून बूड बैठकीवरच राहिले तर दुप्पट काम होते. सुटत आला की डबा तोंड वर ठेवून उतरवा, तो तेलाने भरलेला असतो.

आणि आता, बंधूंनो, थांबा. जुन्या फिल्टरच्या तोंडाकडे पाहा. रिंग त्यावर आहे का? नसेल तर ती इंजिनवर आहे. बोट फिरवून पाहा, कारण काळ्या तेलात काळी रिंग डोळ्याला दिसत नाही. नखाने किंवा लाकडाच्या काडीने सोडवा, लोखंडी पात्याने बैठकीला ओरखडा पडू देऊ नका. मग स्वच्छ चिंधीने बैठक पुसून घ्या. सूत सोडणारी चिंधी किंवा सुतळीचे पोते नको.

नवा फिल्टर जुन्याच्या शेजारी ठेवून पाहा. रिंगेचा घेर सारखा हवा, आटे सारखे हवेत. दुकानदार "लागते जी, हाच लागते" म्हणतो, पण पाऊण इंची आट्याच्या बोल्टवर वीस मिलिमीटरच्या आट्याचा फिल्टर सैलसर चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आट्यांवरून निसटतो. फरक एका मिलिमीटरहूनही कमी आहे, डोळ्याने कळत नाही. म्हणून नंबर पाहून घ्या, जुन्या डब्यावरचा नंबर कागदावर उतरवून दुकानात न्या. डिझेल फिल्टरही दिसायला तसाच डबा असतो, दोघांची अदलाबदल कदापि नको.

नव्या रिंगेला बोटाने नवे तेल लावा. कोरडी रिंग फिरवताना मुरडते आणि पुढल्या वेळी हमखास चिकटून राहते. फिल्टर तोंड वर करून बसणारा असेल तर कडेच्या छिद्रांतून त्यात स्वच्छ तेल थोडे थोडे भरून घ्या, म्हणजे चालू करताच बेरिंगांना वाट पाहावी लागत नाही. आडवा बसणारा असेल तर हा नाद सोडा, सांडते. मग हाताने फिरवत न्या. आटे सरळ धरले पाहिजेत, पहिल्या फेऱ्यालाच जड गेला तर उलटा काढून पुन्हा लावा. रिंग बैठकीला टेकली की तिथून पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. डब्यावर वेगळे छापले असेल तर तसे. पान्याने आवळायचा नाही. जास्त आवळला की जास्त पक्का, हा समज आमच्या अनुभवात सगळ्यात चिवट आहे. पान्याने आवळलेली रिंग चेपते आणि बैठकीला कायमची चिकटते. त्या पोराच्या ट्रॅक्टरचा जुना फिल्टर असाच कुणीतरी पान्याने आवळलेला होता.

जुन्या बनावटीच्या काही ट्रॅक्टरांत डबा नसून वाटी आणि आत सुटा कागदी गाळा असतो, मधून लांब बोल्ट. तिथे रिंग वरच्या खाचेत बसलेली असते. ती सुईने उचकून काढा आणि नव्या गाळ्याबरोबर आलेलीच घाला. वाटी रॉकेलने धुऊन पुसा. स्प्रिंग, वायसर, रबर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत, म्हणून काढताना फडक्यावर ओळीने मांडा.

चेंबरचा नट घट्ट करा, पुस्तकातल्या ग्रेडचे तेल पट्टीच्या खुणेपर्यंत ओता. ज्या ट्रॅक्टरला ओढायचा स्टॉप आहे, तिथे तो ओढून धरून चार-पाच सेकंद सेल्फ फिरवा म्हणजे इंजिन पेटण्याआधी तेल वर चढते. मग चालू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. विझला तर संथ चालवून, मग जरा रेस वाढवून फिल्टरखाली बॅटरी मारून पाहा. आमच्या त्या पोराने रेस वाढवून पाहिले असते तर गळती अंगणातच दिसली असती. बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी पुन्हा पाहा. फिल्टरने तेल पिऊन घेतलेले असते, तेवढे वर घाला. डब्यावर तासमीटरचा आकडा आणि तारीख लिहून ठेवा.

ज्यांच्याकडे जीप किंवा कार आहे त्यांनाही हेच सगळे लागू, फक्त हिशेब किलोमीटरचा. कारचा फिल्टर बहुधा अडचणीत, गरम सायलेन्सरच्या पाइपाजवळ असतो, हात सांभाळा. आणि कार जॅकवर उचलून खाली शिरू नका, खाली ठोकळे द्या.

निघालेले काळे तेल बांधीत, धुऱ्यावर, बोडीत ओतू नका. कायद्याने ते घातक कचऱ्यात धरलेले आहे. जुना फिल्टर रात्रभर पालथा घालून निथळू द्या आणि तेल बंद डब्यात साठवून परवाना असलेल्या घेणाऱ्यालाच द्या. अंगाला लागले तर साबणाने धुवा. चोळून बसणाऱ्यांच्या कातडीला ते बाधते.

त्या ट्रॅक्टरचा फिल्टर त्या सभासदांनी आम्हाला दिला. एकावर एक दोन रिंगा लावून तो आम्ही वडसा गट ऑफिसात टेबलावर ठेवला आहे. ज्यांचे ट्रॅक्टर येत्या हंगामात वाहतुकीला लागणार आहेत त्यांनी येऊन हातात घेऊन पाहावा. येताना जुन्या फिल्टरचा नंबर आणि तासमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून आणावा, पुढल्या बदलाची तारीख आम्ही काढून देऊ. तेलाचा दिवा खराब असलेल्यांनी तो आधी दुरुस्त करून घ्यावा, त्याशिवाय चिठ्ठी घेणार नाही.