कुत्रा शिकवताना राग आवरा

रानडुकरे भुईमुगात शिरतात म्हणून मी शेतावर कुत्रा पाळला. डुक्कर दिसले की भुंकायचे आणि हाक मारताच परत यायचे, एवढेच त्याला शिकवायचे होते. पण पठ्ठ्या हाक ऐकूनही पळे. एकदा तो उशिरा आला तेव्हा मी संतापून काठी हाणली. दुसऱ्या दिवसापासून तो जवळच येईना! चूक माझीच होती. परत आल्यावर मार मिळतो, एवढेच तो शिकला होता.

रागात छाती धडधडते, श्वास भरभर होतो, रक्तदाब वाढतो. कुत्रा आपल्या आवाजावरूनच बिचकतो, आणि भेदरलेला कुत्रा मालकालाही चावू शकतो. म्हणून धडा ५ ते १० मिनिटांचाच ठेवावा. राग चढू लागला की थांबावे, बाजूला जाऊन सावकाश श्वास सोडावा. कुत्रा उशिरा आला तरी भाकरीचा तुकडा द्यावा. आधी अंगणात लांब दोरी बांधून शिकवावे, मग शेतात.

चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. घरचाच कुत्रा म्हणून थांबू नये.

आता माझा कुत्रा हाकेसरशी येतो. काठी मात्र मी घरीच ठेवतो.