लांबवलेलं ड्रिल मोडतं कुठे?

बोअरची गाडी पाहिली नाही असा माणूस माण, खटाव किंवा आटपाडीत सापडायचा नाही. काळ्या दगडात तीनशे फूट भोक पाडायचं असलं, तरी गाडीवाला तेवढ्या लांबीचं ड्रिल घेऊन येत नाही. तो रॉडला रॉड जोडत खाली जातो. तळाशी बिट, त्याच्या लगेच मागे हॅमर, आणि वरचे सगळे रॉड बिटापेक्षा बारीक. रॉड आणि भोकाची भिंत यांच्यातल्या पोकळीतून कॉम्प्रेसरची हवा दगडाची भुकटी वर फेकते. लांब भोक पाडण्याचं बहुतेक शास्त्र या कामात दिसतं. रॉड जोडलेला असला म्हणून काही बिघडत नाही. बारीक रॉड, सरळ रेषा आणि वर येणारा चुरा, या तीन गोष्टींवर सगळं चालतं.

घरच्या पडवीत वेल्डिंग मशिन, ग्राइंडर आणि ड्रिल मशिन घेऊन काम करणाऱ्याला हे रोज दिसत असतं. तरी लोखंडाचं ड्रिल लांबवायची वेळ आली की तो भलत्याच गोष्टींना घाबरतो, आणि खरी भीती असते तिथे बिनधास्त राहतो. वेळ तर येतेच. ट्रॉलीच्या बॉक्स पाइपला समोरासमोर दोन भोकं एका रेषेत हवी असतात. हाउसिंगच्या आत खोलवर स्टड तुटलेला असतो. कडबाकुट्टीच्या चौकटीत मशिनचं तोंडच शिरत नाही.

पहिली समजूत अशी की ड्रिलच्या मागे सळई धरून वेल्डिंगचे चार टाके मारले की काम झालं. टाका दिसायला भक्कम दिसतो, पण पहिल्याच भोकात त्याच्या कडेला ड्रिल कट्कन तुटतं. वेल्डिंग कच्चं होतं असं आपण म्हणतो, पण दोष बहुधा हाताचा नसतो. ड्रिल हायस्पीड स्टीलचं असतं. नेहमीच्या प्रकारात सुमारे 0.85 टक्के कार्बन, आणि टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम मिळून पंधरा टक्क्यांच्या वर. हे पोलाद तापून नुसत्या हवेत गार झालं तरी कडक होतं. वेल्डिंगच्या टाक्याशेजारची पट्टी एकदम तापते, एकदम गार होते आणि काचेसारखी ठिसूळ होऊन बसते. मोठ्या टेपर शँक ड्रिलचा मागचा भाग, म्हणजे शँक, साध्या पोलादाचा जोडलेला असतो हे खरं, पण तो जोड कारखान्यात मशिनवर होतो आणि त्यानंतर अख्खं ड्रिल हीट ट्रीटमेंटमधून जातं. पडवीत ती सोय नाही.

याच्या उलट टोकाची समजूत म्हणजे ड्रिलला आच लागली की त्याचं पाणी उतरलंच. ही गोष्ट विळ्या-कुऱ्हाडीच्या आणि जुन्या कार्बन स्टीलच्या ड्रिलच्या अनुभवातून आलेली आहे, आणि त्या पोलादाबद्दल ती खरीच आहे. ते दोन-अडीचशे अंशांनंतर मऊ पडू लागतं. हायस्पीड स्टीलचा शोध लागला तोच हे टाळायला. अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलं, आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची हत्यारं टोक लालबुंद झालेलं असतानाही लोखंड कापताना लोकांनी पाहिली. या पोलादाला टेंपरिंगच 550 अंशांच्या आसपास करतात. म्हणून ग्राइंडरवर धार लावताना टोक निळं पडलं तर ते फेकून द्यायचं कारण नाही. तो निळा रंग तीनशे अंशांच्या आसपास येतो. नुकसान होतं ते घाबरून तापलेलं टोक पाण्यात बुडवल्यानं. त्यानं बारीक तडे जातात, ते डोळ्याला दिसत नाहीत, आणि पुढे धार तुकड्या-तुकड्यांनी उडते.

मग जोड कशाचा द्यायचा? चांदीच्या झाळीचा. इथे ऐकायला मिळतं की चांदीचा डाग दागिन्याला ठीक, लोखंडाला तो काय धरणार! हे आपल्याच मुलखात ऐकावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली. सोनं-चांदी वितळवणं आणि शुद्ध करणं हेच त्यांचं काम. चांदी कोणत्या आचेला काय करते हे ज्या घरांत ठाऊक आहे, त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये चांदीच्या काडीवर विश्वास नाही. शुद्ध चांदी 961 अंशांना वितळते. तांबं आणि जस्त मिसळून केलेली झाळीची काडी साधारण 620 ते 700 अंशांत वाहू लागते. पितळेच्या काडीला नऊशेच्या आसपास जावं लागतं, आणि तिथे शँक पुन्हा कडक-ठिसूळ होण्याचा धोका सुरू होतो. चांदी त्याच्या खालीच काम उरकते. टोकाला ओल्या फडक्याचा बोळा गुंडाळला तर धारेपर्यंत आच पोचतही नाही.

जोडाची ताकद आकड्यांत पाहू. समजा 10 मिमी ड्रिलचा शँक घासून 6 मिमी केला आणि तो 10 मिमीच्याच सळईच्या टोकातल्या 15 मिमी खोल भोकात बसवला. चांदी पसरण्याची जागा 280 चौरस मिलिमीटरच्या वर होते. चांगला जोड दर चौरस मिलिमीटरला 100 न्यूटनचा घसर-ताण सहज सहन करतो असं धरलं, तर तो 80 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त पीळ झेलेल. त्याच्या कितीतरी आधी साध्या लोखंडाची ती 10 मिमीची सळईच पिळून जाईल. म्हणजे नीट केलेला जोड ही या हत्याराची सगळ्यात भक्कम जागा असते.

फक्त तो नीट करावा लागतो, आणि तिथे “घट्ट बसलं पाहिजे” ही सवय आड येते. हातोडीनं ठोकून बसवलेल्या शँकभोवती चांदी शिरायला जागाच उरत नाही. भोक शँकपेक्षा 0.1 ते 0.2 मिमी मोठं हवं. त्या फटीत चांदी आपोआप ओढली जाते. फट मोठी ठेवून भरपूर चांदी ओतणं हाही उपाय नाही, कारण थर जाड झाला की जोड कमजोर होतो. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरनं चकचकीत करावेत, तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नये. फ्लक्सचीही एक गोम आहे. सोनाराचा टाकणखार 743 अंशांना वितळतो, म्हणजे कमी आचेची चांदी त्याच्या आधीच वाहू लागते. अशा काडीसाठी तिच्याबरोबर मिळणारी फ्लोराइडची पेस्टच घ्यावी. आच सळईला द्यावी, काडीला नाही; लोखंडाच्या उष्णतेनं काडी वितळली पाहिजे. आणि दुकानात एक गोष्ट आवर्जून विचारावी: काडीत कॅडमियम आहे का? काही काड्यांत ते असतं, आणि त्याचा धूर फुप्फुसांना विषारी आहे. कॅडमियम नसलेली काडी मागा, आणि तीही दारं उघडी ठेवूनच वापरा. जोड झाला की आपोआप गार होऊ द्यावा.

सळईच्या टोकातलं भोक मधोमध येणं मात्र हातानं जमत नाही. ते लेथवर करून घ्यावं. या मुलखात ती सोय नवीन नाही. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती, त्याच संस्थानात 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगराच्या निमित्तानं इथल्या हातांना मशिनवरचं काम शिकवून गेली. आज तालुक्याच्या गावी टर्नर सापडतो. शँक घासणं आणि सळईत भोक ही दोन्ही कामं एकाच वेळी त्याच्याकडून करून घ्यावीत. झाळताना ड्रिल आणि सळई अँगलच्या खोबणीत एका रेषेत ठेवली की वाकडेपणा येत नाही. सळई साधी न घेता ब्राइट बार घ्यावा. तो सरळ आणि मापात असतो.

आता जाडी. अनेकांना वाटतं, सळई जितकी जाड तितकं बरं. जाड सळई चालते ती फक्त हात पोचवण्यासाठी, म्हणजे भोक उथळ पण जागा आडोशाची असेल तेव्हा. सळई भोकाच्या आत जाणार असेल तर ती ड्रिलपेक्षा थोडी बारीकच हवी, 10 मिमीला 9.8. बोअरवाल्याचे रॉड बारीक असतात ते याचसाठी. पण त्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, आपल्याकडे नाही, आणि लांबवलेली बहुतेक ड्रिलं इथेच मोडतात. 6 मिमीच्या नेहमीच्या ड्रिलची एकूण लांबी 93 मिमी, आणि त्यातली पिळाची खाच फक्त 57 मिमी. भोक त्यापेक्षा खोल गेलं की खाचेचं तोंड भोकाच्या आत बुडतं, चुऱ्याला बाहेर यायला वाट राहत नाही, तो आत कोंबला जातो आणि ड्रिल अडकून तुटतं. सळई कितीही लांब जोडली तरी खाच लांब होत नाही. म्हणून ड्रिलच्या जाडीइतकं जरी आत गेलं तरी पूर्ण बाहेर काढायचं, चुरा झटकायचा, तेल टाकायचं, पुन्हा आत. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

“लांब झालं म्हणजे कमजोर झालं” हे अर्धंच खरं आहे. पीळ सहन करण्याची ताकद लांबीनं कमी होत नाही. वाकणं मात्र झपाट्यानं वाढतं. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच आडव्या जोरानं टोक आठपट सरकतं, आणि वरून दाबल्यावर सळईला बाक यायला लागणारा भार चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे भोकाची सुरुवात नेहमी आखूड ड्रिलनं करावी. पंच मारून, आखूड ड्रिलनं दीड-दोन सेंटिमीटर सरळ वाट पाडून घ्यावी आणि मग लांब ड्रिल त्यात घालावं. ते भोकच त्याला रेषेत धरतं.

यातलं सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे लांब ड्रिल हवेत फिरवणं. मशिन चालू करून मग टोक भोकात घालायची आपल्याला सवय आहे. 6 मिमीची सळई चकबाहेर 300 मिमी असेल तर हिशेबानं मिनिटाला सुमारे 2,800 फेऱ्यांना ती स्वतःच झोके घेऊ लागते; 400 मिमी असेल तर सुमारे 1,600 फेऱ्यांनाच. अनेक छोटी हँड ड्रिल रिकामी 2,500 च्या वर फिरतात. झोका सुरू झाला की सळई क्षणात काटकोनात वाकते आणि जवळच्या हाताचा, चेहऱ्याचा वेध घेते. टोक आधी भोकात, मग बटण, आणि वेग नेहमीच्या निम्म्यावर. बाहेर काढतानाही फिरणं थांबवूनच शेवटचा भाग काढावा. भोक पलीकडे निघण्याच्या क्षणी दाब कमी करावा, कारण लांब सळई पिळलेल्या अवस्थेत असते आणि अडकलेलं टोक सुटताच मशिनला हिसका बसतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? तर लांब ड्रिल बाजारात मिळतच नाही हाही गैरसमजच आहे. 6 मिमीचं लाँग सिरीज ड्रिल 139 मिमीचं येतं, एक्स्ट्रा लाँग त्याहूनही बरंच मोठं, आणि त्यांची खाचही लांब असते. खोल भोकासाठी ते विकत घेणंच शहाणपणाचं. घरी जोड द्यावा तो विचित्र मापासाठी, किंवा हात पोचत नाही अशा उथळ भोकासाठी.

दोन फूट जाडीच्या जुन्या दगडी भिंतीतून पाइप किंवा वायर न्यायची असेल, तर मात्र झाळलेला जोड अजिबात वापरू नये. हॅमर मशिनचा ठोका प्रत्येक जोडावर आदळतो. बोअरच्या गाडीत हॅमर बिटाच्या लगेच मागे असतो, म्हणून वरचे रॉड तो मार खात नाहीत. आपल्या मशिनचा हॅमर हातात, दुसऱ्या टोकाला असतो. या कामासाठी एसडीएस शँकचं एकसंध, मीटरभर लांबीचं बिट मिळतं, आणि ते एका दिवसापुरतं भाड्यानं मिळतं का हे आधी विचारून पाहावं.