घारीचें घरटें

नित्य दिसणाऱ्या वस्तूंकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आकाशांत संथपणें घिरट्या घालणारी, दुभंगलेल्या शेपटीची तपकिरी घार कोणास ठाऊक नाहीं? परंतु तिचा संसार कसा चालतो, हें किती जणांनीं पाहिलें आहे? आमच्या खिडकीसमोरील चिंचेवर एका जोडप्यानें घरटें केलें, म्हणून आम्हांस तो योग आला.

पौषांत नर व मादी दोघेंहि काटक्या आणूं लागलीं. फांद्यांच्या बेचक्यांत ओबडधोबड रचना झाली व तींत चिंध्या, कागद, सुतळी यांचें अस्तर पडलें. घार बहुधा दोन किंवा तीन अंडीं घालते. तीं मळकट पांढरीं असून त्यांवर तांबूस डाग असतात. सुमारें ३० दिवसांनीं पिलें बाहेर येतात. सर्व अंडीं घालून होण्यापूर्वींच उबवणें सुरू होत असल्यामुळें पिलें एकाच दिवशीं जन्मत नाहींत. थोरलें बळकट असतें, आणि अन्न कमी पडल्यास धाकट्यावरच उपासाची पाळी येते.

फाल्गुनांत आम्हांस दोन पांढुरकीं डोकीं दिसलीं. नर उंदीर, सरडे किंवा मेलेल्या जनावराचें मांस आणी. मादी त्याचे बारीक तुकडे करून पिलांस भरवी.

एके दिवशीं नर परतला नाहीं. शेजारच्या आंब्यावर संक्रांतीपासून लोंबत असलेल्या नायलॉनच्या मांज्यांत त्याचा पंख अडकला होता. अग्निशामक दलाच्या लोकांनीं त्यास सोडविलें, परंतु तो पुन्हां उडूं शकला नाहीं. मादी एकटीच शिकारीस जाऊं लागली. आठ दिवसांत धाकटें पिलूं दिसेनासें झालें. थोरलें मात्र वाढलें. घारीचीं पिलें सहा ते आठ आठवड्यांनीं उडूं लागतात. त्याप्रमाणें वैशाखांत एके सकाळीं तें घरट्याच्या काठावरून समोरच्या फांदीवर गेलें.

मांजा कोणाचा, हें आम्हीं कोणास विचारलें नाहीं. कारण त्या संक्रांतीस आमचेहि चार पतंग कटून गेले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. पण झाडावर अडकलेला दोरा बंदीनें खालीं येत नाहीं, तो आपणच काढावयास हवा.

विद्यार्थिमित्रांनो, घरटें दुरूनच पाहावें. जवळ गेल्यास घार डोक्यावर झडप घालते, आणि तेवढा वेळ अंडीं उघडीं पडतात. खिडकी, दुर्बीण व थोडा धीर एवढें साहित्य पुरेसें आहे. संक्रांत सरली कीं आपल्या अंगणांतील झाडाकडे मात्र एकदां वर पाहावें.