पहिल्या वळणावरचा धीर

ऑनलाइन मोटार शर्यतीतल्या कितीतरी धडका पहिल्याच वळणावर होतात. टायर थंड, पकड कमी. पुढचा जरा लवकर ब्रेक दाबतो आणि मागच्या गाड्या एकमेकींवर चढतात. शिवाय इंटरनेटवरून माहिती जरा उशिरा पोहोचत असल्याने, समजा भिलाईत बसलेल्या खेळाडूला शेजारची गाडी दिसते ती संगणकाने अंदाजाने मांडलेल्या जागी. त्यामुळे पडद्यावर फट दिसत असतानाही धडक बसू शकते. नेहमीच्या खुणेआधीच, हलक्या पायाने ब्रेक दाबावा आणि बाजूला गाडीभर जागा सोडावी. गेलेले दोन क्रमांक पुढे परत मिळवता येतात, मोडलेली गाडी नाही. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतीच्या खेळात डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीशी झालेल्या जोरदार धडकेला 4 दोषांक लागतात, चूक कुणाचीही असो. खऱ्या शर्यतीतही सुरुवात अशीच धोक्याची: 30 ऑक्टोबर 2011 रोजी बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन चालक कामुई कोबायाशीची शर्यत धडकेमुळे पहिल्याच फेरीत आटोपली.