कात्री की तलवार?

राजचिन्हे म्हटली की मुकुट, सिंहासन आणि राजदंड यांचीच आठवण होते. परंतु पाचव्या ते आठव्या शतकांत आजच्या फ्रान्सवर व लगतच्या जर्मन प्रदेशावर राज्य करणाऱ्या मेरोव्हिंजियन घराण्याचे राजचिन्ह राजाच्या मस्तकावरच उगवत असे. फ्रँक लोकांत खांद्यावर रुळणारे लांब केस राखण्याचा मान राजकुळाचा मानला जाई. केस कापले गेले की राजपुत्राचा सिंहासनावरील हक्कही संपला, अशी त्या काळची समजूत होती.

या समजुतीची किंमत किती भयंकर होती, हे तूरचा बिशप ग्रेगरी याने त्याच शतकात लिहून ठेवले आहे. राजा क्लोडोमेर इ. स. ५२४ मध्ये रणांगणावर पडला. त्याचे तीन अल्पवयीन मुलगे आजी क्लोटिल्ड हिच्याजवळ वाढत होते. हे पुतणे उद्या राज्याचे वाटेकरी होतील, या भीतीने चिल्डेबर्ट व क्लोथार या सख्ख्या काकांनी त्यांना कपटाने ताब्यात घेतले आणि आजीकडे दूत धाडला. दूताने तिच्यापुढे कात्री व नंगी तलवार धरली. नातवंडांचे केस कापावेत की गळे, एवढेच तिने सांगावयाचे होते. दुःखाने भान हरपलेली ती राणी बोलून गेली की, मुले राजे होणार नसतील तर केस कापलेली पाहण्यापेक्षा मेलेली पाहणे बरे. क्लोथारने दहा व सात वर्षांच्या दोघा भावांना स्वहस्ते ठार केले. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून निराळे काय? तिसरा, क्लोडोआल्ड, वाचला. त्याने आपल्याच हाताने केस कापून धर्मजीवन पत्करले. पॅरिसजवळचे सँ-क्लू हे गाव आजही त्याचे नाव सांगते.

वस्तुतः कापलेले केस पुन्हा वाढतात. सातव्या शतकात मुंडन करून आयर्लंडला धाडलेला दुसरा डॅगोबर्ट ६७६ मध्ये परतून राजा झाला. म्हणजे सत्ता केसांत नव्हती. पाठीशी उभ्या राहणाऱ्या सरदारांत होती.

आठव्या शतकात हे सरदार राजवाड्याच्या कारभाऱ्याकडे वळले. ७५१ मध्ये कारभारी पेपिन याने पोपच्या संमतीने तिसऱ्या चिल्डेरिकला पदच्युत केले व मुंडन करून मठात पाठविले. स्वतः मात्र त्याने मस्तकावर पवित्र तेलाचा अभिषेक करवून घेतला. हे नवे चिन्ह कात्रीला कापता येणारे नव्हते. पण जुन्या चिन्हाला कात्रीने मारले नव्हतेच. ज्या दिवशी लांब केसांच्या राजाकडे केसांवाचून दुसरे काही उरले नाही, त्याच दिवशी ते निर्जीव झाले होते.