काचेला घाम का येतो?

मुलांनो, थंडीच्या दिवसांत जीपची दारे-खिडक्या लावून पाच-सहा माणसे आत बसली, की थोड्याच वेळात पुढची काच धुरकट होते. ड्रायव्हर फडक्याने पुसतो, ती पुन्हा धुरकट होते. बाहेर पाऊस नाही, मग हे पाणी येतं कुठून?

थंड मुलखात हा प्रश्न फारच मोठा होतो. युरोपात बरेच लोक कॅम्पर नावाच्या गाडीतून प्रवास करतात. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं छोटं घरच! आत बिछाना, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सगळं असतं. नॉर्वेसारख्या देशात हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेलं असतं. अशा रात्री दोघे जण सर्व फटी बंद करून झोपले, तर सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ लागतात. गादीखाली ओल धरते, बुरशी येते, पत्रा गंजतो.

हे पाणी बाहेरून येत नाही. ते आतल्या माणसांचंच असतं. श्वासातून आणि कातडीतून आपण सारखी वाफ बाहेर टाकतो. एका माणसाची रात्रभरात सुमारे पाव लिटर पाण्याइतकी वाफ होते. त्यात गॅसची भर. गॅसमधला हायड्रोजन जळताना हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि त्याचं पाणी होतं. १ किलो गॅस जळला, की दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं.

आता गंमत बघा. गरम हवेत वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ० अंशाला मावते फक्त ५ ग्रॅमच्या आसपास. आतली उबदार हवा गार काचेला टेकली, की ती थंड होते. जास्तीची वाफ मावेनाशी होते आणि तिचे थेंब बनतात. याला सांद्रीभवन म्हणतात. सकाळी गार आरशावर तोंडाने 'हाऽऽ' करून बघा, लगेच दिसेल.

मग करायचं काय?

१. छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. ओली हवा बाहेर जाते, थंड हवा आत येते. थंड हवेत मुळातच वाफ थोडी असते. ती आत येऊन गरम झाली, की आणखी वाफ शोषून घेऊ शकते.

२. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवावे आणि खिडकी उघडावी.

३. ओले कपडे आत वाळत घालू नयेत.

४. काच थंड पडू देऊ नये. कॅम्परच्या मागच्या भागाच्या खिडक्या बहुधा दुहेरी असतात. पुढच्या काचेवर जाड आच्छादन बाहेरून घालावे. नुसता आतून पडदा लावला, तर काच अधिकच गार होते आणि पडद्यामागे पाणी साचते.

५. सकाळी काच कोरड्या फडक्याने पुसावी आणि फडके बाहेर पिळावे. आतच वाळत टाकलं, तर तेच पाणी पुन्हा हवेत!

ऊब हवी म्हणून काही जण आत गॅस पेटता ठेवतात. त्याने ओल वाढतेच, पण जिवालाही धोका असतो. गाडी गरम करायचे यंत्र असे हवे, की त्याचा धूर नळीने थेट बाहेर जाईल.

ही गोष्ट आपल्याही कामाची आहे. निफाडकडे थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. तिथे ट्रकच्या केबिनमध्ये झोपणाऱ्यांची काचही अशीच ओली होते. थंडी वाजते म्हणून बंद केबिनमध्ये किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जातो. वर आणखी एक घोंगडी घ्या, पण फट उघडी ठेवा. तुमच्या घरचे कोणी ट्रकवर असतील, तर त्यांना हे आजच सांगा.

सांगा पाहू:
१. धुरकट काच आतून पुसावी लागते की बाहेरून? का?
२. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, की त्याच्या आतून पाणी का ठिबकतं?