सुती गळपट्टा आणि सोलापूरचे ऊन

चादरी आणि टॉवेलांच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. लोकरीचा गळपट्टा थंडीत ऊब देतो, कारण त्याच्या तंतूंत हवा अडकून राहते. तोच सुती धाग्याने विणला आणि भिजवून, पिळून घातला, तर गारवा देतो. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते. दमट हवेत मात्र हा परिणाम कमी होतो.

दोन सुलट, दोन उलट अशा विणीचा नमुना विणून १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. १८ भरले, तर ६० सेंटिमीटर घेराला १०८ टाके घालावेत. दर सहा ओळींनी पक्क्या रंगाचा धागा बदलला की पट्टे पडतात. फिके रंग ऊन कमी शोषतात. शेवटी बाजूच्या कडा शिवाव्यात. गळपट्टा डोक्यातून सहज निघायला हवा. यंत्रमागाजवळ तो घालूच नये. रोज धुवावा.

उन्हात कुणी बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर गळपट्ट्यावर विसंबू नये. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा.